चहाचं जहाज

आमच्या किनाऱ्यावर शिडाचं कुठलंही जहाज दिसलं की ते मराठी आरमाराचं असतं. एसटी स्टँडच्या भिंतीवर, खाजगी बसच्या पाठीवर, लॉजच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत गणपतीच्या खाली, सगळीकडे तेच जहाज: फुगलेली शिडं, तोफा, भगवा झेंडा. रंगवणाऱ्याने ते बहुतेक वेळा कुठल्यातरी परदेशी कॅलेंडरवरून उचललेलं असतं. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, पण ह्याबद्दल कधी तक्रार केली नाही. भिंतीशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

माझ्या थोरल्या बहिणीच्या पडवीत जे जहाज तयार होत होतं ते मात्र इंग्रजांचं होतं, आणि आयुष्यात त्याने मुख्यतः चहा आणि लोकर वाहिली होती. त्याचं नाव कटी सार्क. चीनमधला नव्या हंगामाचा चहा लंडनला सर्वांच्या आधी पोचवायचा, ह्या शर्यतीसाठी ते बांधलं. ते पाण्यात उतरलं त्याच वर्षी सुएझचा कालवा उघडला आणि आगबोटींनी चहा पळवला. म्हणजे शर्यत संपत आल्यावर जन्माला आलेलं जगातलं एक अतिशय वेगवान जहाज. मला ते ह्याच कारणासाठी आवडायचं.

भावोजींना, म्हणजे बहिणीच्या यजमानांना, ते वेगळ्या कारणासाठी आवडायचं. ते मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून लागले आणि बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून निवृत्त झाले. सगळा जन्म इंजिनाच्या बोटींवर गेला; गंज खरवडणं, रंग मारणं, साखळदंडांना ग्रीस लावणं. एकदा लंडनला बोट लागली असताना त्यांनी कोरड्या गोदीत जपून ठेवलेलं हे जहाज बघितलं. डोलकाठ्यांपासून उतरणारं ते दोरांचं जाळं बघून ते म्हणे दिवसभर तिथेच उभे राहिले. परत बोटीवर उशिरा पोचले म्हणून पगार कापला गेला. निवृत्तीनंतर त्यांनी आराखडे मागवले, फणसाची एक जुनी फळी काढली आणि पडवीतलं मोठं टेबल अडवलं.

नावाचा अर्थ आखूड शमीज असा होतो, हे मी बहिणीला सांगितलं ती चूकच झाली. तिला मी बाय म्हणतो.

"झंपराचां नाव जहाजाक?" बाय म्हणाली. "आणि ह्येच्यासाठी माझी पडवी अडवलास?"

जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, एक लाकडी बाई असते, एका स्कॉटिश कवितेतली चेटकीण. एक हात पुढे केलेला, मुठीत घोड्याची शेपटी, अंगावर जवळजवळ काही नाही. भावोजींनी ती बोटभर उंचीची कोरली, शेपटीला सुंभाचे चार धागे लावले.

"अवो, ह्या बायेक काय तरी नेसवा," बाय म्हणाली. "पोस्टमन येता दारात."

"पोस्टमन चष्मो घरात ठेवन येता," भावोजी म्हणाले.

चष्म्याचा विषय त्या घरात हसण्यावारी नेत असत, कारण भावोजींच्या डोळ्यांचं तेव्हाच बिनसलं होतं. बोटीवरच्या जेवणात आणि आगबोटीच्या चहात जमलेली साखर वीस वर्षं अंगात होती, आणि आता तिने डोळ्यांच्या पडद्यावर हात ठेवला होता. गोव्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवायची. परतीच्या बसमध्ये भावोजींनी सावंतवाडीला खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "लाकूडकाम झालां. दोर तेवढे रवलेत. दोर झाले की मगे डोळे गेले तरी चलात."

"आणि माका बघूक काय ठेवतलास?" बाय म्हणाली.

"तुका चाळीस वर्सां बघतंय. पाठ झालंस."

"त्यातली निम्मी दर्यात गेली."

त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न उरला. दोर आधी संपतात की डोळे.

ज्यांनी असलं काम बघितलं नाही त्यांना वाटेल, दोर म्हणजे काय, चार धागे ओढले की झालं. तीन डोलकाठ्या. प्रत्येकीला एकावर एक आडव्या काठ्या, आमच्याकडे त्यांना परबाण म्हणतात. प्रत्येक परबाणाला उचलणारे, फिरवणारे, रोखून धरणारे दोर. त्याशिवाय डोलकाठीच्या दोन्ही अंगांना दोरांच्या शिड्या, आणि शिडीच्या प्रत्येक पायरीला, जिथे आडवा दोर उभ्याला भेटतो तिथे, एक गाठ. भावोजी मेण लावलेला सुती दोरा वापरत. नायलॉनचा वापरा, लवकर होईल, असं मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सल्ला दिला नाही. माझं काम आराखड्यातलं इंग्रजी वाचून दाखवणं एवढंच होतं, आणि ते मी इमानाने करायचो.

पुढची डोलकाठी पुरी झाली. मधलीही जवळजवळ झाली. एका दुपारी ते म्हणाले, "ही एक दोरी सैल लोंबता हा." आणि कात्री घेतली.

मला कुठेही सैल दोरी दिसेना. "खंय?"

"ही काय समोर. काळी."

त्यांनी हवेत कात्री चालवली. दोरी तुटली नाही. त्यांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे. मग कात्री टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मान हलवली की ती पण हलता," ते म्हणाले. "म्हणजे ती जहाजात नाय. माझ्यात आसा."

डोळ्यात रक्त उतरलं होतं. मग पुन्हा गोवा, लेझर, डोळ्यात सुया. गणपती आले तोवर त्यांना खिडकी कुठे आहे एवढंच कळत होतं. गणपतीसमोर बसवलं तर ते समईकडे तोंड करून हात जोडायचे. कोणी त्यांना वळवलं नाही.

गणपती गेल्यावर ते पुन्हा टेबलाशी बसले. बायने विरोध केला नाही. ती सुईत दोरा ओवून द्यायची आणि शेजारी बसून तांदूळ निवडायची.

"गाठ डोळ्यांनी कोण मारनत नाय," भावोजी मला म्हणाले. "काळोखात, डेकवर पाणी चढलेलां असताना कोणाक काय दिसता? बोटां मारतत गाठ."

हे खरं होतं. मधल्या डोलकाठीचं उरलेलं काम त्यांनी बोटांनी केलं, आणि मला फरक दिसला नाही. मग शिडं चढवली. बायच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या जुन्या धोतराची ती शिडं होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. एका सकाळी बायने मला खूण करून बोलावलं. शिडांवर ठिकठिकाणी तपकिरी ठिपके होते. भावोजींच्या उजव्या हाताची बोटं सुईने चाळणी झाली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी उकळत्या चहाचा पेला हातात धरून ठेवला होता, तेही तिने तेव्हाच सांगितलं. साखर डोळ्यांवर थांबली नव्हती.

"सांगू नको तेंका," बाय म्हणाली.

त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांना काय होतंय हे आमच्याआधी कळलं होतं, आणि त्यांनी त्यावर उपायही काढला होता. ओठ अजून शाबूत होते. गाठ मारली की ते वाकून तिला ओठ लावत. घट्ट बसली की सैल राहिली ते त्यांना तसं कळायचं. काम फार हळू व्हायला लागलं. शेवटची, मागची डोलकाठी बाकी होती.

ह्या सुमाराला समिती आली.

आमच्या गावात दरवर्षी कसला ना कसला महोत्सव असतो. त्या वर्षी तो सागरी वारशाचा होता आणि मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. समितीचे अध्यक्ष लॉजवाले. पडवीची पायरी चढताना ते मालवणीत बोलत होते. जहाज बघितल्यावर शुद्ध मराठीत गेले. तेव्हाच मला वाटलं की आता काही खरं नाही.

"अप्रतिम! आपलं आरमार असं डोळ्यांसमोर उभं राहिलं."

"हे इंग्रजांचं चहाचं जहाज आहे," मी म्हणालो.

"सर, इंग्रज गेले. जहाज आपल्याकडे आहे."

ह्याला इतिहासात उत्तर नाही. त्यांच्याबरोबरचा एक सदस्य खाली वाकून बघत होता. "ह्येका तोफे खंय आसत?"

"चायवर तोफ कोण लावतलो?" भावोजी म्हणाले.

सगळे हसले. मला वाटलं विषय संपला. पण अध्यक्ष गेल्यावर भावोजी मला म्हणाले, "देवया रे तेंका. माका काय दिसणा नाय. तू रोज बघतंस, बाय बघता. आणखी चार माणसांनी बघूदे. जहाज कोणी बघूकच नाय, तर ता केलां कशाक?"

त्यांनी अटी घातल्या: खालून धरायचं, डोलकाठीला हात लावायचा नाही, दोऱ्यांना तर नाहीच, आणि दोन दिवसांत परत आणायचं; मागची डोलकाठी अजून बाकी आहे. अध्यक्ष सगळ्याला हो म्हणाले. ते कशालाही हो म्हणतात. म्हणून तर निवडून येतात.

कार्यक्रम जेटीजवळच्या मैदानात होता. पुढच्या ओळींत सोफे आणि त्यांवर पांढऱ्या खोळी. सोफ्यांच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि तिथे आम्ही तिघे. एका कलाकाराला ही जागा का, असं मी एका बिल्लेवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली की स्टेजवर बोलावलं की या. पाहुणे उशिरा आले. मग दीप, मग गीत, मग सत्कार. सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला तेव्हा बायने पिशवीतून भावोजींच्या गोळ्या काढल्या.

मग पडदा सरकला आणि निवेदकाने आवाज चढवला. "रसिकहो, हीच ती गुराब! हिच्या तोफांच्या गडगडाटाने फिरंग्यांची झोप उडाली!"

टाळ्या पडल्या. भावोजी माझ्याकडे झुकले. "दुसरां जहाज पण आसा काय रे थंय?"

मी बघत होतो. जहाजाच्या दोन्ही कुशींना काळ्या नळ्यांची ओळ होती. बॉलपेनची टोपणं असावीत. पुढच्या डोलकाठीवर भगवा झेंडा होता, झेपणार नाही इतका मोठा. सगळ्या काठ्यांवरून दिव्यांची चिनी माळ फिरवली होती आणि ती उघडमीट करत होती. नाळेवरच्या बाईला हिरवं लुगडं रंगवलं होतं. तिच्या मुठीतली घोड्याची शेपटी चंदेरी पत्र्याची झाली होती. आता ती तलवार होती.

"नाय," मी म्हणालो. "एकच आसा."

"मगे ह्यो कोणाचां सांगता हा?"

मी काही बोलण्याआधी निवेदक पुढे गेला. "कलाकाराने किती बारकाईने काम केलंय बघा! शिडांवर लढाईतले रक्ताचे डागसुद्धा दाखवलेत!"

मैदानभर पुन्हा टाळ्या. बायने पदर तोंडाला लावला. "शिरा पडो मेल्याच्या तोंडार," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढचे दोन सोफे वळले.

"रगत कसलां?" भावोजींनी विचारलं.

त्यांनी उजव्या हाताची बोटं ओठांना लावली, एकेक करून, आणि हात खाली घेतला. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. आरमार बांधणाऱ्या सुतारांचे वंशज, अशी ओळख झाली. त्यांचे वडील कणकवलीला कापडाच्या दुकानात होते.

मी त्यांना हाताला धरून स्टेजवर नेलं. जहाज दोन पावलांवर होतं. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. त्यांनी अंदाजाने हात पुढे केला, जहाजाच्या दिशेला, बोटं पसरून. एका कार्यकर्त्याने तो हात हवेतच पकडला आणि पाहुण्यांच्या हातात दिला. पाहुण्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. छान आलाय.

जहाज दोन दिवसांत परत आलं नाही. लोकाग्रहास्तव ते सभागृहात ठेवलं होतं. आठवडा उलटल्यावर मी दोनदा फोन केला, तेव्हा ते एका टेम्पोत खुर्च्यांबरोबर आलं. उतरवणाऱ्याने ते मधल्या डोलकाठीला धरून उतरवलं. बाय ओरडली, पण उतरवून झालं होतं.

भावोजींनी टेबलाशी खुर्ची ओढून घेतली. बोटांचा उपयोग नव्हता म्हणून ते वाकले आणि मागून पुढे एकेका दोराला ओठ लावत गेले. पंचाहत्तरीचा माणूस, तोंड दोऱ्यांत, डोळे उघडे. मला तिथे थांबवत नव्हतं आणि निघताही येत नव्हतं. एका टोपणाला ओठ लागले तेव्हा त्यांनी रंग थुंकून टाकला.

"तोफ?"

"होय," मी म्हणालो.

"किती?"

"दोनय बाजूंनी."

पुढच्या डोलकाठीशी ते बराच वेळ होते. झेंडा बांधायला आणि माळ फिरवायला अडचण होत होती म्हणून तिथले दोर कापले होते. पुढच्या बाजूचे सगळे, आणि एका अंगाची शिडी. उरलेले ताण जाऊन लोळत होते. ते दोर त्यांना दिसत असताना बांधलेले होते. नीट सगळं दिसत असताना पुरी केलेली तेवढी एकच डोलकाठी त्या जहाजावर होती.

त्यांनी मान वर केली. "आता ह्यां माझ्या हातसून होवचां नाय," ते म्हणाले. रागाने नव्हे, भरती किती वाजता आहे हे सांगावं तसं.

"तुमी सांगा, मी बांधतंय," बाय म्हणाली.

तिने टोपणं काढली, झेंडा काढला, माळ सोडवली, पत्र्याची तलवार वाकवून तोडली. लुगडं मात्र निघेना, तेलरंग होता. मग ती सुई घेऊन बसली आणि भावोजी गाठ शिकवायला लागले.

"एक येढो घे. आता वरसून. नाय, वरसून म्हणजे... दी हडे."

त्यांनी दोरा हातात घेतला. हात हलले, आणि दोरा बोटांमधून निसटून खाली पडला, ते त्यांना कळलं नाही. ते तशीच बोटं फिरवत राहिले, रिकामी, गाठ पुरी होईपर्यंत. बायने माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून दोरा उचलला.

शब्दांत ती गाठ त्यांना सांगता येईना. चाळीस वर्षांत कोणी त्यांना ती शब्दांत विचारलीच नव्हती. बोसनने करून दाखवायचं, खलाशाने बघून करायचं, असंच ते शिक्षण. आता दाखवणाऱ्याचे हात गेले होते आणि बघणारी पुढ्यात बसली होती. शेवटी बायने तिला येत होती ती गाठ मारली. केळीच्या सोपाने अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, बांधतात ती.

भावोजींनी ओठ लावून बघितली. "ह्यो वळेसर झालो."

"वळेसर तर वळेसर. तेच्यातलां फूल पडना नाय."

त्यांनी पाठ खुर्चीला टेकली. तिने तेच होकार म्हणून घेतलं. त्यानंतर ती रोज जेवणं आटोपल्यावर तिथे बसायची. चष्मा नाकावर, आराखडा भिंतीला टेकवून. पुढची डोलकाठी तिने परत उभी केली, मग मागची, जिला भावोजींचा हात लागलाच नव्हता, ती पहिल्यापासून केली. कुठला दोर कुठे जातो हे ती मला विचारायची, मी आराखड्यातून सांगायचो. भावोजी तिथेच आरामखुर्चीत असायचे. आम्ही चुकलो तर ते सांगतील असं मला वाटायचं. आम्ही नक्कीच चुकत होतो. त्यांनी कधी सांगितलं नाही.

शिमगा झाल्यावर एका दुपारी तिने शेवटचा दोरा दाताने तोडला.

"झालां," ती म्हणाली. तिने जहाज खालून उचलून त्यांच्या तोंडासमोर धरलं. ते वजनाला बरंच होतं. "बघा."

भावोजींनी तोंड पुढे केलं नाही. वाट बघून तिने जहाज परत टेबलावर ठेवलं.

"एकदा तरी बघा ओ."

"चाय ठेव गो," ते म्हणाले.

मे महिन्यात पर्यटकांसाठी काहीतरी कार्यक्रम निघाला आणि अध्यक्ष पुन्हा आले. ह्या वेळी पायरीवरच शुद्ध मराठी. जहाज मिळेल का, फक्त दोन दिवस.

"न्हेवा," भावोजी म्हणाले. "परत हाडू नका."

"म्हणजे समितीला भेट?"

"काय व्हयां तां म्हणा. तोफे लावा, माळ लावा. माझां जहाज अर्ध्यात रवलां. ह्यां तुमचां."

अध्यक्षांना त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. त्यांनी वाकून भावोजींचे पाय धरले, आणि मला वाटतं ते मनापासून होतं. देणगीदार म्हणून संगमरवरी पाटीवर नाव लावू, म्हणाले.

बाय माजघराच्या दारात उभी होती. "आणि मी बांधलेल्या गाठी?" ती नवऱ्याला म्हणाली. चार माणसांसमोर ती त्यांना असं कधी बोलली नव्हती.

"असतीत बऱ्ये," भावोजी म्हणाले. "माका काय कळतला?"

ती आत गेली. माणसांनी जहाज उचललं आणि दारातून तिरकं करून बाहेर काढलं. टेम्पो वळेपर्यंत अध्यक्ष हात हलवत होते, ज्याला दिसत नाही त्या माणसाला.

संध्याकाळी बायने खळ्यात सुकत घातलेली कोकमाची सोलं आत आणली आणि पडवीतल्या मोठ्या टेबलावर पसरली. टेबल पुरं लाल झालं.

भावोजींनी नाक वर केलं. "थंय काय ठेवलंस गो?"

"सोलां," ती म्हणाली.